नारळ दिला, पण कुठल्या प्रकारचा? नोकरी जाण्याचे प्रकार आणि आपले हक्क

नोकरी जाण्याला मराठीत शब्द काही कमी नाहीत. नारळ दिला, डच्चू दिला, घरी बसवलं, हकालपट्टी झाली, कमी केलं. पण हे सगळे शब्द राग नाहीतर कीव दाखवायला आहेत, नक्की काय घडलं ते त्यातून कळत नाही, आणि कायद्याला मात्र नेमकं तेच विचारायचं असतं. म्हणजे दोन माणसं एकाच दिवशी एकाच ऑफिसातून बाहेर पडली, दोघांच्या हातात सारखंच पत्र आहे, तरी एकाला भरपाई मिळू शकते आणि दुसऱ्याला फक्त शेवटचा पगार, असं होतं आणि त्यात काही चमत्कार नाहीये.

शब्दाने किती फरक पडतो त्याचं एक उदाहरण सरकारी नोकरीतलं आहे. भारतात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६५ चे शिस्तीचे नियम आहेत, त्यात घरी पाठवायच्या तीन वेगवेगळ्या मोठ्या शिक्षा दिल्यात: सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, आणि बडतर्फी. बाहेरच्या माणसाला तिन्ही सारख्याच वाटतील. पण ज्याला सेवेतून काढून टाकलंय त्याला पुढे परत सरकारी नोकरी मिळायला मनाई नाही, आणि जो बडतर्फ झालाय त्याला ती दारं साधारणपणे कायमची बंद होतात. शेजारीपाजारी दोघांबद्दल "त्याला काढलं" एवढंच बोलणार.

खाजगी नोकरीत इतके कप्पे आखलेले नसतात, त्यामुळे तिथे मला तरी तीन प्रश्नांनी सुरुवात करणं सोपं वाटतं: नोकरी संपवली कोणी, कशासाठी संपवली, आणि कशी संपवली. पत्रावर काय लिहिलंय हा चौथा प्रश्न, आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक तोच पहिला धरून बसतात, "पत्रात राजीनामा असं लिहिलंय मग आता काय करणार" म्हणून गप्प राहतात. पत्र म्हणजे मालकाने आपल्या बाजूने सांगितलेली गोष्ट. कोर्ट ते वाचतं, पण तिथेच थांबत नाही.

तर पहिला प्रश्न, संपवली कोणी. हा वरवर बावळट वाटतो पण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, कारण आजकाल सरळ काढून टाकण्यापेक्षा राजीनामा घेणं कंपन्यांना सोयीचं पडतं. एका मीटिंगला बोलावतात, एचआर बसलेला असतो, वरचा साहेब असतो, आणि सांगतात की तुम्ही आत्ता राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल आणि मग तुमच्या करिअरचं बघा. माणूस घाबरतो आणि सही करतो. आता कायद्याच्या नजरेने बघितलं तर हा राजीनामा आहे का? राजीनामा म्हणजे आपल्या मर्जीने सोडणं. "हे नाहीतर ते" असं करून घेतलेली सही ही मर्जी नाही, आणि जबरदस्तीने घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणंच, हे अनेक देशांतल्या कोर्टांनी मान्य केलंय. अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे. जबरदस्ती झाली हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, आणि तुमच्या राजीनाम्यात "वैयक्तिक कारणांमुळे, आणि इथे शिकायला मिळालं त्याबद्दल आभारी आहे" असं तुमच्याच हाताने लिहिलेलं असेल तर पुढे सहा महिन्यांनी जबरदस्ती सिद्ध करणं म्हणजे दमछाक. म्हणून त्या मीटिंगमध्ये "मला विचार करायला वेळ हवाय" एवढं एक वाक्य बोलता आलं तरी खूप झालं. आणि सही होऊनच गेली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ईमेलने कळवायचं की अमुक वाजता अमुक लोकांसमोर असं असं बोलून माझ्याकडून सही घेतली, मी स्वतःहून सोडलेली नाही. उशीर झाला की कथेचा जोर जातो.

याचाच एक सख्खा भाऊ आहे. यात मालक राजीनामा मागतच नाही, पण वागतो असा की माणसाला तिथे राहणं अशक्य होतं. पगार परस्पर कापला, हुद्दा खाली आणला, कामच काढून घेतलं आणि कोपऱ्यात बसवून ठेवलं, सगळ्यांसमोर रोज अपमान. मग माणूस कंटाळून सोडतो. इंग्रजांच्या कायद्यात याला कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल म्हणतात, आपण अप्रत्यक्ष बडतर्फी म्हणू. कागदावर सोडलं कर्मचाऱ्याने, पण मोडलं मालकाने.

पण इथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. मालक वाईट वागला म्हणजे झालं असं नाही. १९७८ साली इंग्लंडच्या अपील कोर्टासमोर एक केस आली होती, त्यात एका माणसाला परवानगी न घेता कामावरून निघून गेला म्हणून पाच दिवस बिनपगारी निलंबित केलं होतं, त्याच्या हातात पैसे नव्हते, त्याने साठलेल्या सुट्ट्यांचे पैसे आधी द्या म्हटलं, कंपनी नाही म्हणाली, मग उसने द्या म्हटलं, तेही नाही. शेवटी त्याने नोकरीच सोडली, कारण सोडली की सुट्ट्यांचे पैसे मिळणार होते. खालच्या पातळीवर तो जिंकला होता, कंपनीने जरा माणुसकी दाखवायला हवी होती असा सूर होता. अपील कोर्टात हरला. कोर्टाने सांगितलं की मालक समंजसपणे वागला का हा प्रश्नच नाही, त्याने कराराच्या मुळावर घाव घातला का हा प्रश्न आहे, आणि आगाऊ पैसे देणं हे करारात कुठेच नव्हतं. मला ही केस वाचताना त्या माणसाची दया येते, पण कसोटी म्हणून ती स्पष्ट आहे. पगार कापणं हा मुळावरचा घाव. पगाराआधी पैसे न देणं हा नाही. शिवाय घाव बसल्यावर आठ-दहा महिने काही न बोलता काम करत राहिलात तर तुम्हाला ते मान्य होतं असा अर्थ निघू शकतो, म्हणून राहायचं असेल तरी लेखी निषेध नोंदवून राहायचं.

दुसरा प्रश्न, कशासाठी. इथे जगाचे दोन मोठे गट पडतात.

एका गटाचं म्हणणं, योग्य कारण असल्याशिवाय माणसाला काढताच येणार नाही. हे सगळ्यात नीट लिहिलंय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात. त्याप्रमाणे चालणारी कारणं तीनच: माणसाची काम करण्याची क्षमता, त्याची वर्तणूक, किंवा धंद्याची गरज. बस. आणि न चालणारी कारणंही तिथे लिहून ठेवलीत: युनियनचा सभासद असणं, मालकाविरुद्ध तक्रार केलेली असणं, वंश, रंग, स्त्री असणं वा पुरुष असणं, लग्न झालेलं असणं किंवा नसणं, घरच्या जबाबदाऱ्या, गरोदरपण, धर्म, राजकीय मत, बाळंतपणाची रजा, आणि आजारपणामुळे तात्पुरतं गैरहजर राहणं. हा करार भारताने स्वीकारलेला नाही, ब्रिटनने नाही, अमेरिकेनेही नाही. ब्राझीलने तर १९९५ मध्ये स्वीकारला आणि १९९६ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. तरी त्यातली विभागणी इतकी साधी आहे की ज्यांनी सही केली नाही त्यांचे कायदेही साधारण याच चौकटीत बसतात.

दुसरा गट म्हणजे मुख्यतः अमेरिका. तिथे मूळ नियमच असा की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर मालक कधीही, कारण न सांगता काढू शकतो आणि कर्मचारी कधीही सोडू शकतो. पन्नास राज्यांपैकी एकट्या मोंटाना राज्याने १९८७ मध्ये कायदा करून सांगितलं की परीक्षा काळ संपल्यावर योग्य कारण लागेल. म्हणून सिनेमात "यू आर फायर्ड" म्हटलं की माणूस खोकं उचलून निघतो, ते तिथे बऱ्याच अंशी खरंच आहे. पण तिथेही "कारण नको" याचा अर्थ "कुठलंही कारण चालेल" असा होत नाही, हे नीट समजून घ्या कारण इथेच गोंधळ होतो. कारण न देता काढता येतं, पण वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश या कारणाने काढता येत नाही, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून ते बेकायदेशीर आहे, आणि गरोदरपण त्यात १९७८ ला स्पष्टपणे आलं.

आता ती तीन कारणं एकेक करून बघू, कारण प्रत्येकात तुमचा हक्क वेगळा आहे.

वर्तणूक. चोरी, मारामारी, खोटी बिलं, वरिष्ठाला शिवीगाळ, लैंगिक छळ, दारू पिऊन कामावर येणं ही मोठी गैरवर्तणूक धरतात आणि यात नोटीस न देता ताबडतोब काढता येतं. पण "ताबडतोब" म्हणजे चौकशी न करता असं नाही, हा शब्द फक्त नोटीसच्या काळापुरता आहे. छोट्या गोष्टी म्हणजे उशिरा येणं वगैरे, त्यात आधी समज, मग लेखी ताकीद, मग शेवटची ताकीद अशी चढती पायरी अपेक्षित असते. आणि अजून एक, शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी, आणि त्याच चुकीसाठी आधी दुसऱ्याला नुसती ताकीद देऊन सोडलं असेल तर तुम्हाला एकदम घरी का पाठवलं हे मालकाला सांगता आलं पाहिजे. भारतात १९७१ पासून लेबर कोर्टाला हा अधिकारच दिलाय की आरोप खरा असला तरी शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करता येते.

इथे एक प्रश्न नेहमी येतो की पोलीस केसमधून मी निर्दोष सुटलो, मग कंपनीने काढलं ते चुकीचंच ना? नाही हो. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयाच्या पलीकडे सिद्ध व्हावा लागतो. कंपनीच्या चौकशीत "असं झालं असण्याची शक्यता जास्त आहे" एवढं पुरतं. ब्रिटनमध्ये तर कसोटी अशी की मालकाला मनापासून खरं वाटत होतं का, तसं वाटायला वाजवी आधार होता का, आणि त्याने आधी पुरेशी चौकशी केली होती का. तुम्ही खरंच चोरी केली होती का हा तिथे मुख्य प्रश्नच नाही! पहिल्यांदा ऐकल्यावर हे विचित्र वाटतं पण लढायचं कुठे ते यातून कळतं, म्हणजे "मी केलं नाही" यापेक्षा "तुम्ही सीसीटीव्ही बघितलाच नाही, माझ्या साक्षीदाराला विचारलंच नाही" हा मुद्दा जास्त वजनाचा.

आणि निलंबन म्हणजे काढणं नव्हे. चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवलेलं असतं, नोकरी चालू असते. भारतात जिथे स्थायी आदेश (म्हणजे कंपनीचे नोकरीच्या अटींचे लेखी नियम) लागू होतात तिथे निलंबित कामगाराला निर्वाह भत्ता मिळतो, पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा, आणि लांबण्यात कामगाराची चूक नसेल तर त्यापुढे ७५ टक्के. चौकशी मुद्दाम रेंगाळत ठेवणाऱ्यांना हा आकडा आठवण करून द्यायला बरा असतो.

क्षमता. म्हणजे काम जमत नाही, टार्गेट होत नाही, किंवा तब्येतीमुळे काम करता येत नाही. यात माणसाची चूक असते असं नाही, म्हणून अपेक्षा अशी की आधी नीट सांगा काय कमी पडतंय, सुधारायला वेळ द्या, लागेल ती मदत द्या, मग निर्णय घ्या. यालाच ऑफिसांत पीआयपी म्हणतात, सुधारणा आराखडा. माझं प्रामाणिक मत, बऱ्याच ठिकाणी पीआयपी हा सुधारण्यासाठी नसतोच, काढायचं आधीच ठरलेलं असतं आणि फाईल भरायची असते. पण म्हणून तो फेकून देऊ नका. उलट ती फाईल दोघांची आहे हे लक्षात ठेवा. टार्गेट अशक्य आहे तर पहिल्याच आठवड्यात लेखी लिहा, ट्रेनिंग देतो म्हणाले आणि दिलं नाही तर तेही लिहा, दर आठवड्याच्या मीटिंगनंतर दोन ओळींचा ईमेल टाका की आज असं असं ठरलं. दोन महिन्यांनी ज्या फाईलमध्ये फक्त मालकाचंच म्हणणं आहे ती फाईल मालकासाठीच बोलते.

तिसरं कारण, धंद्याची गरज, म्हणजे ज्याला सगळे ले-ऑफ म्हणतात. (भारतीय कायद्यात ले-ऑफ म्हणजे खरं तर काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं, नोकरी तुटत नाही, कायमचं कमी करतात त्याला रिट्रेंचमेंट, कपात म्हणतात. बातम्यांमध्ये सगळं एकच करून टाकलंय, असो.) यातलं मर्म असं की इथे माणूस नको झालेला नसतो, ती जागा नको झालेली असते. त्यामुळे खरी कपात की नावाला कपात हे ओळखायची खूण सोपी आहे, तुम्ही गेल्यावर महिन्याभरात तेच काम करायला नवीन माणूस घेतला का, तीच पोस्ट थोडं नाव बदलून जाहिरातीत आली का. आली असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

मग दहा जणांतून तीन कमी करायचेत तर कोण ते कसं ठरवायचं? भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात साधारण नियम होता शेवटी आलेला आधी जाणार, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो राहिलाय. जर्मनीत वेगळाच विचार आहे, तिथे किती वर्षं नोकरी झाली, वय किती, किती जण त्याच्या कमाईवर अवलंबून आहेत, आणि गंभीर अपंगत्व आहे का हे बघावं लागतं, म्हणजे ज्याला दुसरी नोकरी मिळणं अवघड आणि ज्याच्यावर भार जास्त त्याला शेवटी हात लावायचा. जपानमध्ये कोर्टांनी मालकाला चार प्रश्न विचारायची पद्धत पाडलीय: कपात खरंच गरजेची होती का, ती टाळायचे दुसरे प्रयत्न केले का, माणसं निवडताना निकष योग्य होते का, आणि कामगारांशी नीट बोलणी केली का. चारही प्रश्न घरबसल्या आपल्या केसला लावून बघता येतात, देश कुठलाही असो.

पैशाचं म्हणाल तर भारतात एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. अमेरिकेत कारण लागत नसलं तरी १९८८ च्या कायद्याप्रमाणे १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मोठ्या मालकांना मोठी कपात करायच्या ६० दिवस आधी कळवावं लागतं. अचानक शेकडो लोकांना काढलं तरी त्यांना दोन महिने पगारावर ठेवलं अशा बातम्या येतात ना, त्यामागे अनेकदा दानत नसते, हा कायदा असतो.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक खाच आहे. वरचं संरक्षण "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्याला आहे, मॅनेजर मंडळी त्यातून बाहेर. म्हणून काही ठिकाणी सगळ्यांनाच असिस्टंट मॅनेजर, टीम लीड अशी नावं वाटली जातात. पण कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, रोज प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं, तुमच्या हाताखाली माणसं आहेत का, रजा मंजूर करता का, स्वतः काही निर्णय घेता का. नावाला मॅनेजर आणि दिवसभर एक्सेलमध्ये नोंदी करणारा माणूस कामगार ठरू शकतो.

आता तिसरा प्रश्न, कसं काढलं. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त केसेस फिरवणारा प्रश्न हाच आहे.

एक केस सांगतो, भारतातली, १९९३ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला ती. कंपनीच्या स्थायी आदेशात कलम होतं की आठ दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजर राहिलं की नोकरीवरचा हक्क आपोआप संपला. एका कामगाराला असंच पत्र आलं की तुम्ही गैरहजर, नोकरी संपली. त्याचं म्हणणं होतं की मी रोज येत होतो, मला गेटवरूनच आत सोडत नव्हते. आता खरं कोण बोलतंय? हे कोणी विचारलंच नव्हतं, कारण कंपनीच्या मते विचारायची गरजच नव्हती, कलम आपोआप लागू होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं की असं आपोआप काही होत नाही, माणसाची उपजीविका जाणार असेल तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल, कलमात लिहिलेलं असो वा नसो. त्याला परत कामावर घ्यायला लावलं आणि मागचा निम्मा पगारही. आजही "तीन दिवस आला नाहीत म्हणून सिस्टीमने तुम्हाला अबस्कॉन्डिंग (न सांगता पळालेला) दाखवलंय" असे मेल येतात, आणि लोक ते मुकाट्याने मान्य करतात!

म्हणणं ऐकून घेणं म्हणजे काय तर आरोप लेखी आणि स्पष्ट असावा ("तुमची वागणूक बरोबर नाही" हा आरोप नव्हे, कोणत्या दिवशी काय केलं ते हवं), उत्तराला वेळ मिळावा, पुरावे दाखवावेत, चौकशी करणारा माणूस त्या भांडणातला नसावा, आणि तुम्हाला साक्षीदाराला प्रश्न विचारता यावेत. कारणे दाखवा नोटीस आली की लोक एकतर रागाने चार पानं लिहितात नाहीतर घाबरून माफी मागून टाकतात. दोन्ही नको. न केलेल्या गोष्टीची माफी ही पुढे कबुली म्हणून वापरली जाते.

"पद्धत चुकली हे खरं, पण नीट केलं असतं तरी तुम्हाला काढलंच असतं" असा युक्तिवाद मालक करतातच. ब्रिटनमध्ये १९८७ साली तिथल्या सर्वोच्च पातळीवर यावर निर्णय झाला, की असं म्हणून पद्धतीतली चूक धुऊन निघत नाही, काढणं अन्यायाचंच ठरेल, मात्र भरपाई ठरवताना ती शक्यता धरून रक्कम कमी करता येईल. जर्मनीत तर पद्धतीचा आग्रह इतका की नोकरी संपवल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीने लागतं. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर काढलं तर ते काढणंच नाही, नोकरी चालूच.

या सगळ्यात दोन शब्द सारखे मिसळतात ते सोडवून टाकू. एक अन्यायकारक बडतर्फी आणि एक करारभंग करून केलेली बडतर्फी, इंग्रजीत अनफेअर आणि राँगफुल. करारात तीन महिन्यांची नोटीस आहे आणि तुम्हाला संध्याकाळीच घरी पाठवलं, तर करार मोडला, त्या तीन महिन्यांचे पैसे मागता येतात, कारण कितीही योग्य असो (वर सांगितलेली मोठी गैरवर्तणूक सोडून). उलट तीन महिन्यांची नोटीस अगदी नीट दिली पण कारण होतं तुम्ही गरोदर आहात हे, तर करार पाळला तरी अन्याय झालाच. नोटीसचे पैसे दिले म्हणजे प्रकरण मिटलं असं एचआर सांगतं ते करारभंगापुरतंच खरं असतं.

परीक्षा काळात म्हणजे प्रोबेशनवर असताना हक्क कमी असतात, शून्य नसतात. काम पसंत नाही म्हणून साधं पत्र देऊन सोडता येतं, पण त्या पत्राच्या आड गैरवर्तनाचा आरोप लपलेला असेल, माणसावर डाग लागत असेल, तर भारतात, विशेषतः सरकारी नोकरीत, कोर्टांनी चौकशी हवीच म्हटलंय. मुदतीच्या करारावर असाल तर मुदत संपली की भारतात ते साधारणपणे कपात धरत नाहीत, ब्रिटनमध्ये मात्र करार पुढे न वाढवणं हेही काढणंच धरतात आणि कारण विचारता येतं.

समजा केस जिंकलात, तर मिळतं काय? कामावर परत घेणं, मागचा पगार, किंवा एकरकमी भरपाई, यातलं काहीतरी. परत कामावर जायची वेळ ब्रिटनमध्ये फार थोड्यांवर येते, बहुतेकांचं प्रकरण पैशांवरच मिटतं, आणि खरं सांगायचं तर ज्याच्याशी कोर्टात भांडलो त्याच्यासमोर रोज सकाळी पंच करायला किती जणांना आवडेल. मागचा पगार मागताना मधल्या काळात तुम्ही दुसरीकडे कमावत होता का हे विचारलं जातं, त्यामुळे नोकरी शोधत होतो हे दाखवणारे अर्ज, मेल जपून ठेवा. केस चालू आहे म्हणून दुसरी नोकरी घेऊ नये असं काहीजण सांगतात, ते ऐकू नका, पोटापाण्याचं आधी बघा.

सही करायच्या कागदाबद्दल. जाताना "फुल अँड फायनल" नावाचा एक कागद येतो, त्यात खालच्या बाजूला बारीक अक्षरात असतं की माझी कंपनीविरुद्ध कुठलीही तक्रार किंवा मागणी उरलेली नाही. चार पैसे जास्त देऊन ही ओळ विकत घेतात, आणि त्यात चूक काही नाही, सौदा आहे, फक्त तो सौदा आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे. अमेरिकेत चाळीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाकडून वयाच्या भेदभावाचा हक्क सोडून घ्यायचा असेल तर कायद्याने त्याला विचाराला किमान २१ दिवस आणि सही केल्यावर मन बदलायला ७ दिवस द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये अशा समझोत्याआधी कर्मचाऱ्याने स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतलेला असलाच पाहिजे, नाहीतर कायद्याने दिलेला अन्यायकारक बडतर्फीचा हक्क त्या कागदाने सुटतच नाही. म्हणजे तिथल्या कायद्यालाच माहीत आहे की नोकरी गेलेल्या दिवशी माणूस नीट वाचण्याच्या अवस्थेत नसतो. तुमच्या देशात अशी मुदत कायद्याने नसली तरी "वाचून दोन दिवसांत देतो" म्हणायला कोणी अडवत नाही. कमावलेला पगार, साठलेल्या रजेचे पैसे, पीएफ हे तर तुमचेच आहेत, सही केली तरच मिळेल असं कोणी म्हणत असेल तर ते लेखी मागा, बहुतेकदा लेखी येत नाही.

कागद गोळा करताना एक सावधगिरी. नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, ताकीदपत्रं, मूल्यमापनाचे रिपोर्ट, तुम्हाला आलेले मेल, हे जवळ असलंच पाहिजे आणि लॅपटॉप परत द्यायच्या आधी असलं पाहिजे, कारण लॉगिन दुपारपर्यंत बंद होतं. पण त्या घाईत ग्राहकांची यादी, कंपनीचे गोपनीय आकडे असलं काही स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. तुमच्या बाजूची चांगली केस असते आणि मालकाला एक नवीन, खरंखुरं कारण आपणच आणून देतो.

आणि मुदत. जर्मनीत पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कोर्टात गेलं नाही तर चुकीचं काढलेलं असलं तरी ते बरोबर धरलं जातं. अमेरिकेत भेदभावाची तक्रार १८० दिवसांत, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत करावी लागते. भारतात लेबर कोर्टात थेट जायला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन केलीत. आधी कंपनीतच अपील करतो, साहेबांशी बोलून बघतो, असं म्हणता म्हणता दिवस जातात आणि कंपनीतलं अपील चालू आहे म्हणून बाहेरचं घड्याळ सहसा थांबत नाही. म्हणून पत्र हातात आलं की आधी त्यावर तुम्हाला ते मिळाल्याची तारीख पेनाने लिहा, पाकीट असेल तर तेही टाकू नका, आणि मग बाकीचं वाचा.